वर्गातून सभागृहात : प्रा. एन. डी. पाटील आणि शिक्षक-आमदारांविषयी

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील अर्थशास्त्राचे एक ज्येष्ठ सहकारी स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी येऊन बसले आणि शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेची निवडणूक लढवण्याचा विचार करीत असल्याचे त्यांनी हळू आवाजात सांगितले. समोर घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि बोलता बोलताही त्यांची लाल शाई चालूच होती. प्रचाराला सोबत येशील का, असे त्यांनी विचारले. मी लगेच हो म्हणू शकलो नाही. आमच्याकडे अर्थशास्त्र असे शिकवणारा दुसरा माणूस नाही, हे त्याचे पहिले कारण.

घरी आल्यावर प्रा. एन. डी. पाटील यांची आठवण झाली. १५ जुलै १९२९ रोजी वाळवा तालुक्यातील ढवळी येथे शेतकरी कुटुंबात जन्म, अर्थशास्त्रात एम. ए., साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात प्राध्यापकी आणि 'कमवा व शिका' योजनेची जबाबदारी. त्यानंतर शेतकरी कामगार पक्षाचे पूर्णवेळ काम, १९६० पासून तीन वेळा मिळून अठरा वर्षे विधान परिषद, १९७८ ते १९८० या काळात सहकारमंत्री आणि १९८५ मध्ये कोल्हापुरातून विधानसभेवर निवड. १७ जानेवारी २०२२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले, तोपर्यंत जवळजवळ सगळे आयुष्य त्यांनी सार्वजनिक कामात घालवले.

माझा प्रश्न असा आहे की, चांगला शिक्षक आमदार झाला म्हणजे शाळा-महाविद्यालयाने तो गमावला, असे मानावे का? की सभागृहाला त्याच्याकडून असे काही मिळते, जे दुसऱ्या कोणाकडून मिळणार नाही? आपले अनुभव आणि मते जाणून घ्यायला आवडेल.

वाळवेकर

चांगला विषय काढलात. आमचे गाव ढवळीपासून फार दूर नाही. एन. डी. जन्मले तेव्हा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. या पट्ट्यात ब्रिटिश राजवटीला समांतर चालवलेल्या प्रतिसरकारची चळवळ घराघरांत पोहोचलेली होती. त्या वातावरणात वाढलेल्या मुलाला शिकवणे आणि लोकांसाठी झगडणे ही दोन वेगळी क्षेत्रे वाटली नसावीत, असे मला वाटते.

'कमवा व शिका' ही केवळ फी-माफीची सोय होती, असा बाहेरच्यांचा समज असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी बऱ्याच नंतरच्या काळात अशाच एका वसतिगृहात राहिलो. पहाटे उठून वाफे बांधायचे, खुरपणी करायची, पाण्याची पाळी असेल तर दारे धरायची आणि अंगावरचा चिखल धुऊन तासाला बसायचे. रेक्टर आमच्याबरोबर बांधावर उभे असत आणि दोन तासांनी तेच फळ्यासमोर उभे राहत. कोणाच्या घरून पैसे आले नाहीत, कोणाच्या बापाने बैल विकला, कोण सुट्टीनंतर परत येणार नाही, हे सगळे त्यांना बांधावरच कळत असे. असे काम ज्याने तरुणपणी केले, त्याला शेतीमालाच्या भावावर बोलण्यासाठी दुसऱ्याकडून टिपण घ्यावे लागत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हापासून 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हा तिचा मंत्र आहे. एन. डी. त्या मुशीतले होते. त्यामुळे महाविद्यालयाने त्यांना गमावले, असे मला वाटत नाही. पुढचे सविस्तर नंतर लिहितो.

जुना मतदार

एक खुलासा करणे आवश्यक वाटते, कारण शिक्षक-आमदार हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. शिक्षकी पेशातून आलेला आमदार हा एक अर्थ, आणि शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेला आमदार हा दुसरा.

राज्यघटनेच्या १७१ व्या अनुच्छेदानुसार विधान परिषदेतील सुमारे एक-द्वादशांश सदस्य शिक्षकांनी निवडून द्यायचे असतात. महाराष्ट्रात परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या आहेत. मतदार होण्यासाठी माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावरील संस्थेत अर्हता दिनांकापूर्वीच्या (पात्रता मोजण्यासाठी ठरवलेल्या तारखेपूर्वीच्या) सहा वर्षांत एकूण तीन वर्षे अध्यापन केलेले असावे लागते. त्यासाठी नमुना १९ हा अर्ज भरायचा, सोबत संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र जोडायचे. आणि ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होत असल्यामुळे मागच्या वेळी नाव होते म्हणून कोणी गाफील राहू नये. आमच्या शाळेतील चार जणांची नावे अशीच राहून गेली होती.

मात्र उमेदवार शिक्षकच असावा, अशी अट नाही. पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये स्पष्ट केले आणि तोच न्याय येथेही लागू होतो. पत्रकार असलेले कपिल पाटील मुंबई शिक्षक मतदारसंघातून २००६ पासून तीन वेळा निवडून आले, हे आपण पाहिलेच आहे.

मतदानाची रीतही वेगळी आहे. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केच पेननेच लिहायचे, नावापुढे पसंतीचा आकडा घालायचा, आणि १ हा आकडा एकाच नावापुढे हवा. बरोबरची खूण केली की मत बाद. आयुष्यभर उत्तरपत्रिकांवर बरोबरच्या खुणा करणाऱ्या माणसाचा हात तिथे क्षणभर अडखळतो, हे मी माझ्यावरून सांगतो. एका जागेच्या निवडणुकीत वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतांचा कोटा गाठावा लागतो; पहिल्या पसंतीत तो कोणालाच मिळाला नाही, तर शेवटच्या उमेदवारांना एकेक करून बाद करतात आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजतात. मोजणी कधी कधी रात्रभर चालते.

वस्तीशाळा

जुना मतदार यांनी माहिती अचूक दिली, पण त्यातील सर्वांत टोचणारी गोष्ट ओझरती राहिली. माध्यमिक किंवा त्यावरचा स्तर, असे घटनेत म्हटलेले असल्यामुळे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना शिक्षक मतदारसंघात मतच नाही. मी एकवीस वर्षे पहिली ते चौथीच्या मुलांना अक्षरे गिरवायला शिकवले. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, पोषण आहाराची नोंद, जनगणनेचे काम, मतदार याद्यांचे काम, निवडणुकीत मतदान अधिकाऱ्याचे काम. इतरांच्या मतपेट्या आम्ही डोक्यावरून वाहतो आणि शिक्षकांचा प्रतिनिधी निवडताना मात्र आम्हाला शिक्षक धरले जात नाही.

त्यामुळे कोणी शिक्षकांचा आवाज म्हणून सभागृहात गेला, की मी प्रथम हे पाहतो, की हा आवाज कोणत्या शिक्षकांचा आहे. कृष्णाकाठ यांच्या सहकाऱ्यांनी निवडणूक जरूर लढवावी, पण ज्यांचे मत त्यांना मिळणार नाही, त्यांच्या वर्गाविषयी ते बोलतील का, हे त्यांना विचारावे.

कृष्णाकाठ

वस्तीशाळा, आपला प्रश्न मी जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवणार आहे. जुना मतदार, नमुना १९ विषयी आपण लिहिले ते वाचून मी आमच्या कार्यालयात आजच चौकशी केली.

सदाशिव पेठ

एन. डी. यांच्या नावाबरोबर ग. प्र. प्रधान यांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. १९४२ च्या आंदोलनात कारावास भोगलेले प्रधान मास्तर फर्ग्युसन महाविद्यालयात वीस वर्षे इंग्रजी शिकवत होते. १९६६ मध्ये ते पुणे पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले, अठरा वर्षे तिथे राहिले, मध्ये आणीबाणीत पुन्हा तुरुंगात गेले आणि १९८० नंतर काही काळ परिषदेचे विरोधी पक्षनेते होते. इतके सगळे होऊनही लोकांनी त्यांना शेवटपर्यंत प्रधान मास्तर किंवा प्रधान सर असेच म्हटले. आमदारसाहेब असे त्यांना कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

माझ्या वडिलांनी त्यांना मत दिले होते. वडील एका सहकारी बँकेत कारकून होते, पक्षाने समाजवादी नव्हते आणि प्रधानांची अनेक मते त्यांना पटत नसत. तरीही मत त्यांनाच का दिले, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ''ते तयारी केल्याशिवाय बोलत नाहीत.'' मला वाटते, कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच्या आसपास आहे. शिक्षकाला पाठाचे टाचण काढण्याची सवय असते. उद्या पंचेचाळीस मुलांपुढे उभे राहायचे आहे आणि त्यातला एक तरी अडचणीचा प्रश्न विचारणार आहे, या धाकाने तो आदल्या रात्री वाचतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही शासनाला उत्तर द्यायला लावणारी सभागृहातील आयुधे ज्याला वापरायची आहेत, त्याला नेमकी हीच सवय लागते.

वऱ्हाडी

सदाशिव पेठ यांनी तयारीचा मुद्दा काढला, म्हणून प्रा. बी. टी. देशमुख यांच्याविषयी लिहितो. १९८० ते २०१० अशी सलग तीस वर्षे ते अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून निवडून येत राहिले. महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या नुटा या संघटनेचे ते नेतृत्व करीत होते, परंतु आमच्या भागात त्यांचे नाव निघते ते अनुशेषासाठी.

ज्यांना हा शब्द केवळ वर्तमानपत्रांतून माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. रस्ते, सिंचन, वीजपंप, शिक्षण अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि एखादा जिल्हा तिच्या किती खाली आहे, हे मोजून ती तूट पैशांत मांडायची, तो अनुशेष. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने ही तूट सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढली, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटींचा होता. पुढे घटनेच्या ३७१ (२) अनुच्छेदानुसार १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. अशा विषयावर भावनेने भाषण करणे सोपे असते. आकड्यांचा तक्ता हातात धरून, अर्थसंकल्पातील कोणती रक्कम कुठे वळवली गेली, हे वर्षानुवर्षे विचारत राहणे कठीण. बी. टी. सरांनी ते केले. विद्यार्थ्याच्या वहीत चुकलेली पायरी शोधावी, तसे ते शासनाच्या उत्तरांत शोधत.

अनुदानाच्या रांगेत

मी वेगळ्या अनुभवातून लिहीत आहे, आणि थोडे कडू लागले तर क्षमस्व. २००१ मध्ये शासनाने 'कायम विनाअनुदानित', म्हणजे नव्या शाळांना कधीच अनुदान न देण्याचे, धोरण आणले. २००९ मध्ये त्यातील 'कायम' हा शब्द काढला गेला. मी त्यापूर्वीच अशा एका माध्यमिक शाळेत रुजू झालो होतो. शब्द काढल्यावर अनुदान सुरू व्हायला हवे होते, पण मूल्यांकन, पात्र यादी, त्रुटी, त्रुटींची पूर्तता, या चक्रात वर्षे गेली. २०१६ पासून पात्र शाळांना २० टक्के अनुदान मिळू लागले, तेव्हाही आमच्या शाळेची फाईल एका कार्यालयात वैयक्तिक मान्यतेसाठी (प्रत्येक शिक्षकाच्या नेमणुकीला लागणाऱ्या शासकीय मंजुरीसाठी) पडून होती. मी सकाळी शाळा आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिणे, असे करून घर चालवले. एकदा दुकानात माझाच विद्यार्थी वडिलांबरोबर वही घ्यायला आला. त्याने मला ''नमस्ते सर'' म्हटले आणि त्याच्या वडिलांनी मान दुसरीकडे वळवली, बहुधा मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून.

या सर्व काळात आझाद मैदानावर आमच्यासोबत येऊन बसणारे काही शिक्षक-आमदार होते, हे मी कृतज्ञतेने सांगतो. माझी फाईल शेवटी हलली ती सभागृहात विचारलेल्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी माहिती मागवली गेली तेव्हा. तेव्हा सभागृहाला शिक्षकाकडून काय मिळते, हे आपण बोला. मला त्या सभागृहाकडून पगार मिळाला.

पण एक खंतही आहे. संचमान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर, ते ठरवणे), शालार्थ आयडी (पगारासाठी लागणारा ओळख क्रमांक), अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेणे, २००५ नंतर नेमलेल्यांची जुनी पेन्शन, या प्रश्नांत आमदाराची सहा वर्षे संपून जातात. ते प्रश्न खरे आहेत, माझे स्वतःचे आहेत. तरीही मुले काय शिकत आहेत, याविषयी सभागृहात बोलायला मग कोण उरतो?

नियमावली

अनुदानाच्या रांगेत यांचे लिखाण वाचून थोडा वेळ थांबलो. त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला जोडून एक मर्यादा नोंदवतो. विधान परिषदेच्या आमदाराकडून आपण अपेक्षा करतो, तेव्हा त्या सभागृहाचे अधिकार किती, हेही ध्यानात ठेवावे लागते. धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाविषयीचे) परिषद फार तर चौदा दिवस ठेवू शकते. साधे विधेयक ती पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर एक महिना थांबवू शकते, त्यानंतर विधानसभेचेच चालते. अनुदानाच्या मागण्यांवर मतदान विधानसभेतच होते. त्यामुळे परिषदेतील सदस्याचे खरे बळ प्रश्न विचारण्यात आणि शासनाला नोंदीवर उत्तर द्यायला लावण्यात आहे. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले जाते की नाही, हे पाहायला आश्वासन समिती असते; तिचा पाठपुरावा चिकाटीने करणारे सदस्य मोजकेच.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांच्यामुळे संस्थाचालकाला शिक्षकाला मनमानीने काढता येईनासे झाले आणि दाद मागायला शाळा न्यायाधिकरण मिळाले. आज हे संरक्षण आपल्याला हवेसारखे गृहीत वाटते. ते मिळण्यामागे संघटनांची आंदोलने होती, तशी सभागृहातील माणसेही होती.

वाळवेकर

पुढचे लिहितो असे म्हटले होते. नियमावली यांच्या म्हणण्यात भर घालून सांगतो, की एन. डी. यांनी सभागृहाची मर्यादा ओळखली होती, म्हणूनच सभागृह सुटले तरी त्यांचे काम सुटले नाही. एन्रॉन वीज प्रकल्पाच्या विरोधात ते होते, रायगडमधील विशेष आर्थिक क्षेत्रासाठी होणाऱ्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांबरोबर ते उभे राहिले, सीमाप्रश्नात ते अखेरपर्यंत होते. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाचे नेतृत्व त्यांनी ऐंशी वर्षे उलटल्यावर केले आणि तो टोल शेवटी रद्द झाला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे ते अध्यक्ष होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर, डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा दोन्ही सभागृहांनी संमत केला, तेव्हा एन. डी. कोणत्याही सभागृहात नव्हते, पण त्या कायद्यासाठी झालेल्या दीर्घ लढ्यात ते होते.

नात्याचाही उल्लेख करतो, कारण तो सर्वज्ञात आहे. त्यांच्या पत्नी सरोजमाई या शरद पवार यांच्या भगिनी. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात एन. डी. मेव्हण्यांच्या नेतृत्वाखाली मंत्री होते, आणि नंतर त्याच मेव्हण्यांच्या धोरणांविरुद्ध रस्त्यावरही उतरले. आमच्या भागात सोयरीक आणि राजकारण कसे गुंतलेले असते, हे जाणणाऱ्याला याचे मोल कळेल.

आणि आता मूळ प्रश्नाकडे येतो. आमदारकी १९९० मध्ये संपली, त्याच वर्षी ते रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन झाले आणि २००८ पर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे परिषदेत जितकी वर्षे घालवली, तितकीच वर्षे त्यांनी पुन्हा शिक्षणसंस्थेला दिली. ज्या संस्थेत तरुणपणी रेक्टर म्हणून बांधावर उभे राहिले, तिच्याच शेकडो शाळांचा भार त्यांनी साठीनंतर उचलला. महाविद्यालयाने माणूस गमावला का, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापुरते तरी मिळते.

वस्तीशाळा

वाळवेकर, हे पटले. परत येण्याची ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सहा वर्षांनी हरलेला किंवा निवृत्त झालेला आमदार पुन्हा एखाद्या शाळेच्या पायरीवर दिसत नाही, हा माझा अनुभव आहे.

जुना मतदार

नोकरीचा एक व्यावहारिक भाग राहिला होता. शासकीय किंवा जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकाला राजीनामा दिल्याशिवाय निवडणूक लढवता येत नाही. खासगी अनुदानित संस्थेतील शिक्षकाची स्थिती वेगळी आहे, तरीही आपल्या सहकाऱ्यांनी संस्थेची लेखी परवानगी आणि रजेचा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वीच मार्गी लावावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल सायंकाळी सहकाऱ्यांच्या घरी गेलो होतो. हे सारे प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवले. अनुदानाच्या रांगेत यांचा दुकानातला प्रसंग ऐकताना ते उठून खिडकीपाशी गेले. वस्तीशाळा यांच्या प्रश्नावर त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही, आणि मग म्हणाले की, प्राथमिक शाळांत जाऊन बसल्याशिवाय त्याविषयी बोलणे हे टाचणाशिवाय तास घेण्यासारखे होईल. पुढच्या महिन्यात अशा काही शाळा पाहण्यासाठी त्यांनी शनिवार राखून ठेवले आहेत, कारण शनिवारी आमचे तास नसतात आणि त्या शाळा सकाळी भरतात. वस्तीशाळा, आपली हरकत नसेल तर पहिला शनिवार आपल्या शाळेत घालवावा, असे त्यांनी विचारले आहे.

प्रचाराला सोबत येतो, असे मी त्यांना सांगितले. निघताना विचारले, की बारावीच्या मुलांचे काय? त्यांनी टेबलावरचे पुस्तक उघडून दाखवले. राष्ट्रीय उत्पन्न आणि सार्वजनिक वित्तव्यवहार ही दोन प्रकरणे उरली आहेत, ती संपवूनच अर्ज भरणार.